वहिनी सगळ्यात शेवटी जेवायची

माझी नोकरी बायकांना काय खावं ते सांगण्याची होती आणि ती मी मनापासून करत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते मला ठाऊक नव्हतं म्हणून घडलं, असं कुणी समजू नये. मला सगळं ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि रोज सकाळी मोठ्या आवाजात लोकांना सांगत होते.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. पहिली भट्टी पेटली होती, पुढच्या भट्ट्यांचं काम चालू होतं. आसपासच्या खेड्यांमधून ट्रक भरभरून मजूर यायचे, त्यात बायका खूप. डोक्यावर लोखंडी गमला, म्हणजे घमेलं, घेऊन माती, गिट्टी, सिमेंटचा माल वाहणाऱ्या या बायकांना तिकडे रेजा म्हणतात. त्यांच्या कॅम्पाला लागून पत्र्याच्या दोन खोल्यांचा दवाखाना होता. नागपूरला नर्सिंग शिकून मी तिथे लागले. तेवीस वर्षांची होते. पांढरी साडी नेसायची, पायात कॅनव्हासचे बूट घालायची. लहानथोर सगळे मला ‘सिस्टर’ म्हणायचे आणि ते ऐकून माझी मान जरा ताठ व्हायची.

दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त तपासणं हे माझं मुख्य काम. तेव्हा आमच्याकडे त्यासाठी एक छोटी पुस्तिका असे. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब टीपकागदावर घ्यायचा, आणि तो डाग पुस्तिकेतल्या लाल रंगाच्या पट्ट्यांशी जुळवून पाहायचा. गडद लाल म्हणजे ठीक. डाग जितका फिका तितकं रक्त कमी. बहुतेकींचे डाग फिकेच निघायचे. मग त्यांची नावं रजिस्टरात लिहायची, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, आणि भिंतीवर लावलेल्या तक्त्यासमोर बसवून समजावून सांगायचं. तक्त्यावर अंडं, दुधाचा पेला, पालकाची जुडी आणि एक सफरचंद काढलेलं होतं. समोर बसलेल्यांपैकी एकीनंही सफरचंद पाहिलेलं नसावं. मी तरी असं कितीदा खाल्लं होतं? पण मी छडी त्यावर ठेवून सांगायची, हे खात जा.

घरी आम्ही चौघं होतो. वडील रेल्वेत गँगमन होते, ते वारल्यावर माय, दादा आणि मी एवढेच उरलो. दादा कारखान्यात फिटर लागला, कारखान्याच्या वसाहतीतल्या एका सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, आणि वर्षभरात त्याचं लग्न झालं. वहिनी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली. वयानं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठी. तरी ती मला ‘ताई, तुमी’ म्हणायची आणि मी तिला ‘वहिनी, तू’ म्हणायची. घरात कोण कुठे बसतं हे त्यावरून कळायला हवं.

जेवायलाही तसंच. पहिली पंगत दादाची आणि माझी. दादा कमावता पुरुष म्हणून, आणि मी कमावती म्हणून. नोकरी नसती तर माझं ताटही मागेच वाढलं गेलं असतं, पण पगार घरात यायला लागला तसं मायनं स्वतःच माझा पाट दादाच्या पाटाशेजारी मांडला. मला ते फार आवडलं. शिकल्याचं सार्थक झालं असं वाटलं. आमच्यानंतर माय जेवायची. आणि सगळं झालं, भांडी गोळा झाली, की चुलीपाशी पाठ करून वहिनी जेवायची. वरणातलं घट्ट तोवर संपलेलं असायचं. भाजी असली तर कढईला लागलेली. भात मात्र असायचा. भात आणि वरणाचं पाणी, नाहीतर भात आणि मीठ-तिखट. मग ती गुळाचा काळा चहा करून घ्यायची. दिवसातून चार-पाच वेळा ती चहा प्यायची. भूक मारायला चहा बरा, असं ती एकदा सहज म्हणाली होती. मी ऐकलं आणि विसरले.

यात माझा स्वतःचा एक हात होता, तो वेगळा सांगायला हवा. आमच्या गावाकडे पावसाळ्यात बांधावर तरोटा उगवायचा, त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. अंबाडी असायची, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला असायचा, बांधीतल्या, धानाच्या शेतातल्या, बारीक मासोळ्या काट्यासकट खाल्ल्या जायच्या. तांदूळ घरी कांडलेला, थोडा लालसर. वहिनी आल्या आल्या हेच सगळं करायला लागली. क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेतून तिनं तरोटा खुडून आणला तेव्हा मी तिला थांबवलं.

“हे कॅम्पातल्या रेजा खातात,” मी म्हटलं. “इथं शेजारी बंगाली आहेत, पंजाबी आहेत. त्यांच्यासमोर हा पाला निवडत बसू नको.”

“चांगला लागते ताई,” ती म्हणाली.

“गावात लागत असेल.”

तिनं पाला टाकून दिला. त्यानंतर आमच्याकडे गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ, बटाटा, डालडा आणि बिस्किटं आली. पालक मी तक्त्यावर दाखवायची, पण बाजारात तो रोज मिळायचा नाही, आणि मिळाला तरी चौघांसाठी आणलेली जुडी पहिल्या पंगतीतच संपायची. शहरात राहायला आलो, आता आपलं खाणं सुधारलं, असं मला खरोखर वाटायचं.

त्या दिवसांत दवाखान्यात एक रेजा यायची. चाळिशीची असेल, चार बाळंतपणं झालेली, आता सुनेला घेऊन यायची. उंच, काळी, दंडावर गोंदलेलं. माझं भाषण ती शेवटपर्यंत ऐकायची, मधे कधी बोलायची नाही. एक दिवस मी दूध-अंडी सांगून संपवल्यावर तिनं विचारलं, “बाई, तोर घर म सबले पाछू कोन खाथे?”

तुझ्या घरी सगळ्यांच्या मागून कोण खातं? बाकीच्या बायका हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना उत्तर माहीत होतं, कारण त्यांच्या घरी त्याच मागून खायच्या. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, की पांढऱ्या साडीवाल्यांच्या घरी काही वेगळं असतं का.

“आमच्या घरी सगळे एकत्र बसतात,” मी म्हटलं.

खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. तिनं मान हलवली, ‘बने हे’, म्हणजे चांगलं आहे म्हणाली, आणि सुनेला घेऊन निघून गेली. तिनं विश्वास ठेवला. मला त्या वेळी लाज वाटली नाही, उलट वेळ निभावून नेली असंच वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारीच घरी आले. माय झोपलेली. वहिनी मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसली होती आणि काहीतरी कुरकुर चावत होती. मला पाहून तिनं मूठ पदराखाली घेतली.

“काय खाऊन राहिली, वहिनी?”

“काही नाही.”

मी तिची मूठ उघडली. जुन्या चुलीचा भाजका तुकडा होता, लाल मातीचा. दातांच्या खुणा होत्या त्यावर. तेव्हा तिला दिवस गेलेले नव्हते, त्यामुळे डोहाळे म्हणायलाही जागा नव्हती.

“किती दिवसांपासून?”

“लई दिवस झाले. वास आला की राहवत नाही, ताई. मायले सांगू नका.”

मायला मी सांगितलं नाही. मी त्याहून वाईट केलं. रविवारी संध्याकाळी शेजारच्या दोघीतिघी ओट्यावर येऊन बसल्या होत्या. गप्पांच्या भरात मी हिंदीत म्हटलं, “हमारी भाभी तो चूल्हा खाती है!” आणि मूठ उघडल्याची सगळी हकीगत हावभाव करून सांगितली. त्या खूप हसल्या. एकीनं विचारलं, चूल्हे में नमक डालती है क्या? त्यावर मीही हसले. वहिनी त्याच वेळी चहाचे कप घेऊन दारातून बाहेर आली होती. तिनं प्रत्येकीच्या हातात कप दिला, ट्रे उचलला आणि आत गेली. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नाही.

ज्याच्या अंगात रक्त कमी असतं त्याला माती, खडू, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटतं, हे आमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. नागपूरला तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मला आला होता आणि मी न अडखळता उत्तर दिलं होतं. रेजांना मी तो प्रश्न रोज विचारायची. माती खातेस का? हो म्हणाली की रजिस्टरात खूण. स्वतःच्या अंगणात तेच डोळ्यांनी पाहिलं आणि मला विनोद सुचला.

पुढे काही महिन्यांनी वहिनीला दिवस गेले. पाचवा महिना असेल. मी सकाळी साडीला इस्त्री करत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

“ताई, तुमच्या दवाखान्यात रक्ताच्या गोळ्या देतात म्हणे.”

“देतात.”

“मले देता काय?”

“कावून? तुले काय झालं?” घाईत असले की माझ्या तोंडातही घरचीच बोली यायची.

“बादली उचलली का दम लागून राहिला. डोळ्यापुढं अंधारी येते. काल नळावर बसूनच गेली मी.”

मी इस्त्री खाली ठेवली नाही. म्हटलं, “त्या गोळ्या मजुरांच्या बायकांसाठी असतात, वहिनी. त्यांना खायला मिळत नाही. आपल्या घरी काय कमी आहे? पोटभर जेवत जा म्हणजे झालं.”

ती ‘हो’ म्हणाली आणि पाण्याला गेली.

तिला गोळ्या देणं मला अजिबात कठीण नव्हतं. पण गोळ्या द्यायच्या तर तिचं रक्त तपासायला हवं, रजिस्टरात तिचं नाव, पत्ता आणि डागाचा रंग लिहायला हवा. ते रजिस्टर दर आठवड्याला डॉक्टर पाहायचे. सिस्टरच्या घरची बाई उपासमारीच्या यादीत, रेजांच्या नावाखाली! मला ते सोसलं नसतं. रक्त कमी होणं हा मी गरिबांचा आजार ठरवून टाकला होता, आणि आम्ही नुकतेच त्यातून बाहेर पडलो होतो. अर्थात हे सगळं त्या सकाळी मी मनात असं मांडलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, पोटभर जेवत जा. आणि त्या दिवशीही माझ्या ताटात वरणाचं घट्ट आलं.

आठवा संपून नववा लागला होता. सकाळचे अकरा वाजले असतील, शेजारची बंगाली बाई धापा टाकत दवाखान्यात आली. वहिनी न्हाणीत पडली होती आणि रक्त जात होतं. मी कुणाची तरी जीप थांबवली. क्वार्टरवर पोचलो तेव्हा माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत वहिनीच्या ओठांचा रंग आणि चेहऱ्याचा रंग एकच झाला होता.

तिथे एक केरळच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वहिनीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ पाहिली. मग त्यांनी विचारलं, “घर से कौन आया है?”

मी पुढे झाले. पांढरी साडी अंगावर होतीच.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सिस्टर, ये आपके घर में रहती है?”

“जी.”

“कब से?”

“दो साल से.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची टीपकागदाची पुस्तिका माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “देखिए.” शेकडो बायकांच्या बोटांना टोचली होती तशीच मी तिच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब टीपकागदावर घेतला. वहिनीच्या रक्ताचा डाग पुस्तिकेतल्या सगळ्यात फिक्या पट्टीशीही जुळत नव्हता. त्याच्यापेक्षा फिका होता. धुतल्यावर कापडावर राहतो तसा.

रक्त द्यावं लागेल असं ठरलं. दादा कामावरून धावत आला होता, तो पुढे झाला, तर मायनं त्याचा दंड धरला. “त्याले आगीपुढं काम करा लागते,” ती म्हणाली. “त्यानं रगत देल्लं तर घर कोण चालवन?” दादा हात सोडवून घेईल असं मला वाटलं होतं. तो तसाच उभा राहिला. मी माझं रक्त तपासायला दिलं आणि ते जुळलं. तपासणाऱ्यानं कौतुकानं म्हटलं, सिस्टर, आपका खून तो बहुत बढ़िया है. बढिया असणारच. दोन वर्षं मी पहिल्या पंगतीला जेवत होते. नंतर सेक्टरमध्ये सगळीकडे बोलबाला झाला, की नणंदेनं भावजयीला रक्त दिलं, अशी नणंद मिळायला भाग्य लागतं. मी कुणालाही थांबवलं नाही.

मुलगी झाली. एका हातात मावेल एवढी होती. रडायची ती आवाज न करता, तोंड उघडून. चार दिवस जगली. पाचव्या दिवशी सकाळी दादा आणि शेजारचे दोघं तिला कापडात गुंडाळून नाल्याकडे घेऊन गेले. वहिनी पलंगावर पडल्या पडल्या छताकडे पाहत होती. तिला दूध आलं होतं, थोडंसंच, आणि तिचा ब्लाऊज भिजला होता. मी टॉवेल द्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुमी जेवल्या काय?”

मी जेवले नव्हते, पण तिला हो म्हटलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. पहिल्याच दिवशी मी दोन पाटांच्या शेजारी तिसरा पाट मांडला.

“हा कोनाचा?” मायनं विचारलं.

“वहिनीचा. ती आता आमच्यासोबत जेवेल.”

“सासूच्या आंधी सून जेवन? आमच्यात असं कधी झालं हाय काय?”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे,” मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी तसं काही सांगितलं नव्हतं. मी इतकं शिकलेली, पण मायसमोर स्वतःच्या नावानं एवढी एक गोष्ट बोलायची माझी हिंमत नव्हती. आणि मायला मी दोष तरी कसा देऊ? ती स्वतः तरुणपणी तशीच जेवली होती. मी जन्मायच्या आधी तिची दोन मुलं गेली होती, ती का गेली हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. माय कुरकुरत बाजूला झाली. दादानं मान खाली घालून आपल्या वाटीतलं घट्ट वरण वहिनीच्या भातावर ओतलं. तो इस्पितळातल्या त्या दिवसापासून बायकोशी जास्त बोलत नसे, तिच्या ताटात मात्र रोज काहीतरी टाकायचा.

वहिनीला आमच्यासमोर घास गिळता यायचा नाही. पदर पुढे ओढून, घाईघाईनं, चोरी करावी तशी ती जेवायची. तिला नीट जेवायला लागायला दोन-अडीच महिने लागले.

तिचं नाव मी रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पान उलटलं. एवढंच झालं. ज्याची मला इतकी भीती होती ते एका पानापुरतं होतं.

मग मी त्या रेजाला शोधत कॅम्पात गेले. ती चुलीपाशी बसून भाजी खुडत होती. मी तिला सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले, माझ्या घरी माझी भावजय सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि तिचं बाळ गेलं. माझी छत्तीसगढी मोडकीतोडकी, पण तिला कळलं. मला वाटलं ती काहीतरी लागेल असं बोलेल. ती उठली, आतून आणखी एक सूप आणलं, त्यात निम्मी भाजी ओतली आणि माझ्यापुढे केली. तरोटाच होता. तिकडे त्याला चरोटा म्हणतात.

“ओला पहिली खवाबे,” ती म्हणाली. आधी तिला खाऊ घाल.

मी तो पाला रुमालात बांधून सेक्टरमधून सगळ्यांसमोर घरी आणला. वहिनीनं तो पाहिला आणि तिला हसू आलं, त्या महिन्यांतलं पहिलं. तिनं लसूण-मिरची घालून भाजी केली. पुढे अंबाडी आली, लाल भाजी आली, मुनगा आला. माय अंडं स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, म्हणून वहिनी ते अंगणात विटांच्या चुलीवर उकडून घ्यायची. जेवणावर लगेच चहा प्यायला मी तिला बंदी केली, कारण जेवणातलं लोह त्यानं अंगी लागत नाही हे मी नंतर एका प्रशिक्षणात शिकले. त्यासाठी ती माझ्याशी वर्षभर भांडली. हळूहळू तिच्या नखांना रंग आला. नळावरून दोन बादल्या घेऊन येताना ती मधे थांबेनाशी झाली. चुलीच्या मातीचा वास तिला आता येत नाही, असं तिनंच मला सांगितलं. चार वर्षांत तिला एक मुलगा आणि एक मुलगी झाली, दोन्ही मुलं चांगली गुटगुटीत.

नोकरीतही मी बदलले. तक्ता काढून ठेवला. बायका समोर बसल्या की त्यांना पहिला प्रश्न विचारायची, तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं? त्या आधी हसायच्या, मग गप्प व्हायच्या, मग बोलायला लागायच्या. वरच्या साहेबांना ही पद्धत फार आवडली. मला प्रशिक्षणांना बोलवायला लागले, नवीन पोरींना शिकवायला लावलं. सिस्टरचा प्रश्न म्हणून तो ओळखला जाऊ लागला. तो प्रश्न माझा नव्हता. कॅम्पातल्या एका गमला उचलणाऱ्या बाईनं तो मला विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं होतं, हे मी त्या भाषणांमध्ये एकदाही सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात शाल खांद्यावर घेऊनसुद्धा नाही. वहिनी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती.

दादा निवृत्त झाल्यावर त्यानं दुर्गला मोहन नगरात घर बांधलं. माय तोवर गेली होती. मी एकटी, म्हणून मीही त्यांच्यासोबत तिथेच राहायला गेले. एका दुपारी वहिनी आणि मी व्हरांड्यात मुनग्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिचे केस पांढरे, माझेही. काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम म्हटलं, “वहिनी, तू गोळ्या मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत.”

ती शेंगेची शीर काढत राहिली.

“मला माहीत होतं तुला काय झालंय ते,” मी म्हटलं. “रजिस्टरात आपलं नाव नको म्हणून दिल्या नाहीत.”

“माहीत हाय मले,” ती म्हणाली.

“कसं?”

“मी आली होती नं तुमच्या दवाखान्यात.”

मला समजेना. मग तिनं सांगितलं. गोळ्यांना मी नाही म्हटल्यावर काही दिवसांनी, सहाव्या महिन्यात, ती सेक्टरपासून कॅम्पापर्यंत एकटी चालत आली होती. मायला सांगितलं होतं की देवळात जाते. डोक्यावरून पदर घेऊन ती रेजांच्या लाइनीत उभी राहिली. दुपारचं ऊन होतं, मधे दोनदा खाली बसली. तिच्यापुढे फक्त तीन बाया उरल्या होत्या.

“मग?”

“मंग तुमी दिसल्या टेबलावर. तुमच्या बाजूले डॉक्टर बसून होते. तुमी त्यायच्याशी हासून बोलून राहिल्या होत्या. मी म्हटलं, आता मी समोर गेली तर ताईले कसं वाटन? तुमची मान खाली जाईन. म्हून परत आली.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, एखाद्या जुन्या प्रवासाचं सांगावं तसं. माफ कर, एवढे दोन शब्द चाळीस वर्षं तोंडाशी ठेवले होते, ते त्या क्षणी इतके लहान वाटले की मी ते उच्चारलेच नाहीत. आजपर्यंत उच्चारलेले नाहीत.

वहिनीनं सोललेल्या शेंगा गोळा केल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. दादाची पेन्शन आणायची वेळ झाली होती, त्याआधी त्याला काहीतरी खाऊ घालायला हवं, असं म्हणत ती आत गेली. मी व्हरांड्यात बसून राहिले.